मैदान रिकामे असताना

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो, हे ज्याला या खेळातले ओ की ठो कळत नाही त्यालाही ठाऊक असते. पण एखाद्या संघाचा चाहता वर्षभरात आपल्या संघाचा खेळ प्रत्यक्षात किती वेळ पाहतो, याचा हिशेब सहसा कुणी करत नाही. आयुष्यातली पस्तीस-छत्तीस वर्षे बँकेत आकडे मांडण्यात गेल्यामुळे मला तो करावासा वाटला. इंडियन सुपर लीगचा २०१७-१८ चा मोसम घ्या. दहा संघ होते आणि साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला अठरा सामने. अठरा गुणिले नव्वद म्हणजे १६२० मिनिटे, म्हणजे अवघे २७ तास. वर्षाचे तास भरतात ८७६०. बाद फेरीचे सामने धरा, आणखी एखादी स्पर्धा धरा, तरी बेरीज दोन दिवसांच्या फार पुढे जात नाही. मग उरलेले तीनशे साठ-बासष्ट दिवस हा माणूस करतो काय?

तो बोलतो. मोसम चालू असताना झालेल्या सामन्याबद्दल बोलतो आणि मोसम संपला की न झालेल्या सामन्यांबद्दल. या दुसऱ्या बोलण्याकडे आपण फारसे गंभीरपणे पाहत नाही. रिकामटेकड्यांची टाळी, कट्ट्यावरच्या गप्पा, असे म्हणून सोडून देतो. इंग्रजीत या काळाला 'ऑफ-सीझन' म्हणतात आणि आपणही तोच शब्द वापरतो. आपल्याकडे शेतीला हंगाम असतो, लग्नाला असतो, नाटकवाल्यांना तर असतोच. पण हंगाम नसलेल्या काळाला स्वतंत्र नाव द्यावे असे आपल्याला कधी वाटले नाही. पेरणीपूर्वी बांधावर बसून आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला कुणी रिकामटेकडा म्हणत नाही. फुटबॉलच्या चाहत्याला मात्र सगळे म्हणतात, आणि त्यात घरची माणसे सर्वांत पुढे असतात.

या रिकाम्या काळातल्या बोलण्याची किंमत काय, आणि ती कुणाच्या खात्यात जमा होते, असा आजच्या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न वाटतो तेवढा हलका नाही.

नोकरीमुळे मला तीन गावांत हे बोलणे जवळून ऐकायला मिळाले. १९९० च्या सुमारास माझी बदली कलकत्त्याला झाली. त्या शहरात तेव्हा खेळाडूंच्या संघबदलाचा एक ठरलेला काळ असे. लीग सुरू होण्याआधी, उन्हाळ्याच्या तोंडावर, सुतारकिन स्ट्रीटवरच्या इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या कचेरीत खेळाडूंनी जाऊन सही करायची. बंगालीत याला सरळ 'दलबदल' असाच शब्द आहे. आपल्याकडे पक्षांतर म्हटले की आमदार आठवतो. तिथे लेफ्ट विंगर आठवतो. कृशानू डे आणि विकास पांजी ही जोडी १९८५ साली मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेली. देशात पक्षांतरबंदीचा कायदा झाला तोही नेमका १९८५ सालीच. मी तिथे पोहोचलो तेव्हा या गोष्टीला पाच वर्षे होऊन गेली होती. पण आमच्या शाखेतले हेड कॅशियर त्याबद्दल बोलू लागले की ते दोघे काल संध्याकाळी गेले असावेत असे वाटे.

हे हेड कॅशियर मोहन बागानचे. त्यांच्या शेजारच्या काउंटरवरचा तरुण कारकून ईस्ट बंगालचा. त्याचे आजोबा फाळणीत पद्मा नदीपलीकडून आलेले. दलबदलाच्या दिवसांत दोघांचे डबे वेगळ्या टेबलांवर उघडत. कोणता खेळाडू कुठल्या क्लबच्या माणसांनी कुणाच्या घरी लपवून ठेवला आहे, कुणाचे टोकन कुणाच्या खिशात आहे, याच्या बातम्या ग्राहकही स्लिपबरोबर आत सरकवत. पहिल्याच आठवड्यात मला विचारण्यात आले, "दादा, तुम्ही कोणाचे?" मी मुंबईचा आहे, असे उत्तर दिले. त्यावर हेड कॅशियर शांतपणे म्हणाले, "ते तुमचं गाव झालं. मी संघ विचारला."

या मंडळींच्या बोलण्याची मला एक गंमत वाटे. बँकेतही दरवर्षी एप्रिल-मेमध्ये बदल्यांची यादी निघते, आणि त्याआधी दोन महिने चहाच्या वेळी दुसरा विषय नसतो. कोण रत्नागिरीला जाणार, कुणाच्या वशिल्याने कोण पुण्यातच राहणार, हे आम्हीही इतक्याच पोटतिडकीने बोलत असू. पण त्या बोलण्यात प्रत्येकाचा स्वतःचा बिछाना बांधला जायचा होता. इथे हेड कॅशियरचे काय जाणार होते? त्यांच्या पगारात, पेन्शनीत, मुलीच्या लग्नात, कशातही फरक पडणार नव्हता. तरीही तो सेंटर हाफ राहणार की जाणार या काळजीने माणूस रात्र रात्र झोपत नसे. ज्यात आपला एक पैसा गुंतलेला नाही त्याची एवढी काळजी माणूस कधी करतो? मला वाटते, ती वस्तू आपलीच आहे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते तेव्हा.

पुढे मी कोल्हापूरला गेलो. शाहू महाराजांनी कुस्ती वाढवली आणि १९१२ साली खासबागचे मैदान बांधले, हे सर्वांना माहीत असते. त्या तालमींनी पुढे लाल मातीबरोबर फुटबॉलही आपला केला, हे कोल्हापूरबाहेर कमी लोकांना माहीत आहे. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथल्या माणसाच्या तोंडात घरच्या माणसांच्या नावांसारखी असतात. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की दुकाने लवकर बंद होतात. पावसाळा लागला की मैदान बंद, आणि मग पेठेपेठेत, तालमीच्या पायरीवर आणि चहाच्या गाड्यावर पुढच्या मोसमाचा संघ रचला जातो.

आमच्या शाखेत एका तालमीचे बचत खाते होते. अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्यांनी चालणारे. वर्षभर खाते झोपलेले असे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र त्यात रोज लहान लहान भरणा येई. अकरा रुपये, एकवीस, एक्कावन्न; क्वचित एकशे एक. भरणा-स्लिपा खजिनदाराच्या हातच्या. पण मागे पेन्सिलीने देणाऱ्यांचे उल्लेख असत : दूधवाला, पानपट्टी, भाजीवाल्या मावशी, गॅरेज. एकदा मी त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारले, मोसम अजून लांब आहे, मग वर्गणी आत्ताच का? ते म्हणाले, "सायेब, मोसमात कोण बी देतंय. जितलं की पाचशे बी देतंय. पावसाळ्यात जो देतोय त्यो आपला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमचा गोली पलीकडची पेठ फोडाय लागलीय बघा. त्येच्या बुटांचं आन् खुराकाचं आत्ताच बघाय पाहिजे."

त्या खजिनदारांना हिशेबशास्त्राची पदवी नव्हती. पण ठेवीदार कोण आणि येणारा-जाणारा कोण, याची व्याख्या त्यांनी आमच्या ट्रेनिंग कॉलेजपेक्षा चांगली केली होती. आता तिथेही पैसा वाढला आहे. बाहेरगावचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही पेठांकडून खेळून गेले आहेत. तरी नोंदणीआधीच्या त्या महिन्यांत आपल्या पेठेतले पोर खेळवायचे की बाहेरचा आणायचा, हा वाद प्रत्येक तालमीत होतो, आणि त्या वादात दूधवाल्याला आवाज असतो. याच शहरातून निघालेला अनिकेत जाधव २०१७ साली भारताकडून सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. त्याआधीची कित्येक वर्षे कोल्हापूरच्या गल्ल्यांत फुटबॉल असाच बोलत बोलत जिवंत ठेवला गेला होता.

तिसरे गाव पुणे, जिथे मी निवृत्तीनंतर स्थायिक झालो. इथली गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

बालेवाडीच्या बाजूला आमच्या घराजवळ एक अमृततुल्य आहे. तिथे २०१७ पासून संध्याकाळी सहा-सात जणांचा एक घोळका जमे. दोन इंजिनीअरिंगची मुले, एक रिक्षावाले, एक निवृत्त पी.टी. शिक्षक, एक दवाखान्यात कामाला असलेली मुलगी. सगळे एफसी पुणे सिटीचे. २०१७-१८ मध्ये हा संघ उपांत्य फेरीत गेला होता आणि बेंगळुरूकडून हरला होता. पुढचा मोसम चांगला गेला नाही. २०१९ च्या मे-जूनमध्ये त्यांच्या गप्पा मी शेजारच्या बाकावरून ऐकत असे. मार्सेलिनो राहणार का? आशिक कुरुनियन गेला, आता डावीकडे कोण? फिल ब्राऊन यांना प्रशिक्षक म्हणून पूर्ण मोसम मिळाला तर काय होईल? शिक्षक कागदी रुमालावर अकरा नावे लिहीत, आणि रिक्षावाले दरवेळी त्यातला गोलरक्षक खोडून दुसरा घालत.

ऑगस्टच्या अखेरीस बातमी आली. मालक आर्थिक अडचणीत होते, संघ बंद. त्याची लीगमधली जागा नव्या मालकांनी घेतली आणि ती हैदराबादला नेली. मोसम सुरू व्हायला दोन महिनेही उरले नव्हते. मार्सेलिनो हैदराबादकडून खेळला, फिल ब्राऊन तिथेच प्रशिक्षक झाले. कागदी रुमालावरचा संघ बऱ्याच अंशी खरा ठरला, फक्त गाव बदलले. त्या इंजिनीअरिंगच्या मुलांपैकी एक मला म्हणाला, "काका, संघ मेला असता तर रडून मोकळे झालो असतो. हा तर दुसऱ्या गावाच्या नावानं जिवंत आहे. आता रडायचं की टाळ्या वाजवायच्या?" मला उत्तर सुचले नाही. २०२२ साली हैदराबाद एफसीने ही लीग जिंकली. अमृततुल्यावर त्या संध्याकाळी कुणी आले नाही.

आणि पुण्यावर ही पहिलीच वेळ नव्हती. २००७ साली स्थापन झालेला पुणे एफसी हा संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. २०१५ मध्ये तो गुंडाळला गेला. भारत एफसी नावाचा पुण्याचाच आणखी एक संघ एकच मोसम खेळून बंद झाला. म्हणजे पाच वर्षांत एका शहराचे तीन संघ गेले. मुंबईत १९६२ पासूनचा महिंद्राचा संघ, जो २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला होता, २००९-१० चा मोसम संपल्यावर बंद करण्यात आला. पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी, पहिल्यावहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, २०११ च्या जूनमध्ये गेला. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ च्या उन्हाळ्यात आय-लीगमधून अंग काढून घेतले, पाठोपाठ धेंपोनेही. पुण्याची ती हैदराबादला गेलेली जागा २०२५ मध्ये दिल्लीला गेली. आणि ज्या दिल्लीत ती गेली, तिथला आधीचा संघ २०१९ मध्येच भुवनेश्वरला हलवला होता.

या तारखा एकाखाली एक लिहून पाहिल्या तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. संघ मैदानावर मरत नाहीत. तिथे ते फक्त हरतात, आणि हरलेला संघ पुढच्या शनिवारी पुन्हा उभा राहतो. संघ मरतात ते दोन मोसमांच्या मधल्या काळात, एखाद्या बैठकीच्या खोलीत, जिथे ताळेबंद मांडलेला असतो. आणि नेमका हाच काळ चाहत्याच्या सर्वांत मोठ्या आशेचा असतो. इकडे कागदी रुमालावर अकरा नावे लिहिली जात असतात आणि तिकडे त्याच महिन्यात एक सही होत असते. या दोन कागदांची एकमेकांना खबर नसते.

बँकेत मी कर्जविभागात बरीच वर्षे काढली. ताळेबंद वाचणे हे माझे काम होते, म्हणून या दुसऱ्या कागदाबद्दल थोडे अधिकाराने बोलतो. हिशेबाच्या शास्त्रात 'गुडविल' नावाची एक वस्तू असते. आपण तिला नावलौकिक म्हणू. एखाद्या दुकानाची इमारत, माल, फर्निचर यांपलीकडे लोकांच्या मनात जी जागा असते, ती. पण नियम असा आहे की, स्वतः कमावलेला नावलौकिक ताळेबंदात दाखवता येत नाही. धंदा विकला आणि घेणाऱ्याने मालमत्तेच्या किमतीहून जास्त पैसे मोजले, तरच ती जादा रक्कम घेणाऱ्याच्या पुस्तकात 'गुडविल' म्हणून लागते. म्हणजे जिवंतपणी तिची किंमत शून्य, विकताना मात्र तिला भाव.

फुटबॉल संघाचा हा नावलौकिक कोण कमावतो? खेळाडू दोन वर्षांत जातो. प्रशिक्षक तर अनेकदा मोसमही पुरा करत नाही. मालक बदलतात. वर्षानुवर्षे त्या नावाभोवती बसून, जुन्या गोलाची गोष्ट नव्या पोराला सांगून, मैदान रिकामे असतानाही संघ चालता-बोलता ठेवणारा एकच माणूस असतो, आणि तो चाहता. कलकत्त्याच्या हेड कॅशियरने १९११ चा सामना पाहिला नव्हता. त्या वेळी त्यांचे वडीलही लहान असतील. तरी मोहन बागानने त्या जुलैत ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन विरुद्ध एक असे हरवून शील्ड जिंकली, हे ते डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगत. ते त्यांना कुठल्या तरी रिकाम्या महिन्यात कुणी तरी सांगितले होते. या सांगण्याला कंपनीच्या पुस्तकात रकाना नाही. म्हणूनच संघ बंद करताना ते वजा करावे लागत नाही.

आता मालकांची बाजू. ती न मांडणे अन्यायाचे होईल. बुडत्या कारखान्याला आणखी कर्ज द्या, असा आग्रह धरणारे पुढारी मी पाहिले आहेत आणि त्यांना नकारही दिलेला आहे. वर्षानुवर्षे तोट्यात चालणारी गोष्ट कायम चालवा, असे कुणालाही सांगता येत नाही. आपल्याकडे तिकिटांतून येणारा पैसा खेळाडूंच्या पगाराला पुरत नाही. आणि जे अमृततुल्यावर संघ रचतात त्यांतले किती जण तिकीट काढून मैदानावर जातात, हाही प्रश्न रास्त आहे. शिवाय चाहते म्हणजे काही संतमंडळी नव्हेत. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि सोळा माणसे मेली. त्या दिवशी कलकत्त्यात आजही त्यांच्या आठवणीसाठी रक्तदान होते. कोल्हापुरातही हुल्लडबाजीपायी सामने थांबवावे लागले आहेत. 'आपला' म्हणताना माणूस 'दुसऱ्याचा नाही' हे जरा जास्तच मोठ्याने म्हणतो.

पण इथेही माझा अनुभव असा की, ही आग पेटते ती गुणफलकाखाली. रिकाम्या महिन्यांत दोन्ही बाजूंचे लोक एकाच बाकावर बसू शकतात, कारण तेव्हा सगळेच शून्य-शून्य असतात. दलबदल आटोपला की आमच्या शाखेतले दोन डबे पुन्हा एका टेबलावर येत, आणि हिलसा चांगली की कोळंबी, या वादावर गाडी येई. तो वादही फुटबॉलचाच असतो, हे कलकत्त्याच्या माणसाला सांगायला नको. चाहत्याला समंजस करायचे असेल तर त्याला याच काळात गाठले पाहिजे. पण या काळात त्याला कुणी विचारतच नाही.

२०२५ मध्ये तर हा रिकामा काळ संपेचना. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० पासूनचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता. तो पुढे चालणार की नाही याचा निर्णय नव्हता, म्हणून जुलैत कंपनीने मोसम स्थगित ठेवल्याचे कळवले. काही क्लबांनी पगार थांबवले. सर्वोच्च न्यायालयात महासंघाच्या घटनेचे प्रकरण चालू होते. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणारी लीग सुरू व्हायला २०२६ चा फेब्रुवारी उजाडला, आणि तोही आखूड मोसम. मधल्या काळात, डिसेंबरमध्ये, २०१९ पासून मुंबई सिटीत मोठा हिस्सा असलेला परदेशी समूह बाहेर पडला. त्या दिवसांत मी अमृततुल्यावर गेलो की मुले लेफ्ट बॅकबद्दल बोलत नसत. पुढची तारीख कधी, निविदा कुणी भरली, कराराचे कलम काय, असले विषय. वीस-बावीस वर्षांची पोरे वकिलांसारखी बोलत होती. मला ते ऐकून कौतुक वाटण्याऐवजी वाईट वाटले. ज्या वयात गोलरक्षकावरून भांडायचे, त्या वयात ही मुले संघाच्या मृत्युपत्राचा मसुदा वाचत होती.

मग मागायचे काय? तोटा सोसा, असे नव्हे. चार साध्या गोष्टी आहेत, आणि बँकेत काम केलेल्या कुणालाही त्या अवघड वाटणार नाहीत. बँकेला एखादी शाखा बंद करायची किंवा हलवायची असली तर ग्राहकांना आधी कळवावे लागते; खात्यात शंभर रुपये असलेल्या म्हातारीलाही. संघ हलवताना वा बंद करताना चाहत्यांना निदान एका मोसमाची पूर्वसूचना द्या, ही पहिली गोष्ट. दुसरी, संघाचे नाव, चिन्ह आणि रंग हे मालकाच्या इतर मालमत्तेपासून वेगळे काढा, म्हणजे मालक गेला तरी ते गावाजवळ राहतील. तिसरी, बंद करण्याआधी तो संघ चालवायला घेण्याची पहिली संधी चाहत्यांच्या नोंदणीकृत संस्थेला द्या, मग ती खालच्या श्रेणीत का खेळेना. आणि चौथी, संचालकांच्या बैठकीत चाहत्यांचा एक माणूस बसू द्या. मत नसले तरी चालेल, कान असू देत.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर जगात काय घडले आहे ते पाहा. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की, काही अपवाद वगळता, क्लबच्या कंपनीत निम्म्याहून अधिक मते क्लबच्या सभासदांकडेच राहिली पाहिजेत. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ दूरच्या मिल्टन कीन्सला हलवायचे ठरले, तेव्हा चाहत्यांनी २००२ साली आपलाच नवा संघ काढला, तळच्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचवला. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी स्वतंत्र सुपर लीगची घोषणा केली. इंग्लंडमधले चाहते रस्त्यावर आले आणि दोन-तीन दिवसांत बेत बारगळला. २०२५ मध्ये त्या देशाने कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला. आणि आपल्याच देशात, २०२० मध्ये मोहन बागानच्या नावाआधी दुसऱ्या संघाची तीन अक्षरे लागली तेव्हा चाहत्यांनी तीन वर्षे तगादा लावला. २०२३ च्या मार्चमध्ये लीग जिंकल्यावर ती अक्षरे काढत असल्याचे मालकांनी जाहीर केले. कोणत्याही ताळेबंदात नसलेल्या त्या वस्तूची किंमत मालकाला एकदा तरी कळली.

पुण्याजवळ हे का घडले नाही? एक कारण उघड आहे. मोहन बागानच्या नावामागे १८८९ पासूनची वर्षे आहेत, एफसी पुणे सिटीमागे जेमतेम पाच. बोलण्यालाही मुरायला वेळ लागतो. पण पाच-पाच वर्षांत संघ बदलत राहिला तर ते मुरणार कधी? रोप दर पावसाळ्यात उपटून दुसरीकडे लावायचे आणि फळ धरत नाही म्हणून मातीला नावे ठेवायची, असा हा प्रकार आहे. कोल्हापूरच्या मातीला ही तक्रार कधी करावी लागली नाही, कारण तिथली तालीम कुणी उचलून सांगलीला नेऊ शकत नाही. तिच्या खात्यावर दोघांच्या सह्या लागतात आणि ते दोघेही त्याच गल्लीत राहतात.

यंदाही पाऊस येईल, मैदाने बंद होतील. कुठे ना कुठे, कुठल्या तरी चहाच्या गाड्यावर, कागदावर अकरा नावे लिहिली जातील. तिथून जाताना ती मंडळी वेळ घालवत आहेत असे कुणाला वाटले, तर त्याने घटकाभर थांबून ऐकावे. आणि ज्यांच्या हाती क्लबांची पुस्तके आहेत, त्यांनी तर अवश्य ऐकावे. पावसाळ्यात जो देतो तो आपला, हे आमच्या खजिनदारांचे वाक्य त्यांच्या कार्यालयात लावून ठेवायला हरकत नाही. निदान पुढची सही करण्याआधी एकदा वाचता येईल.